शिंकेच्या मागच्या बाजूचं गाणं

आमच्या घराण्यात शिंक ही खाजगी बाब कधीच नव्हती. माझे वडील शिंकले की तीन घरं पलीकडच्या काकू स्वयंपाकघरातून ‘शंभर वर्षं जगा!’ म्हणून ओरडायच्या आणि आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर आपोआप पुढच्या महिन्यावर जायचं. ही देणगी माझ्याकडे आली ती दुप्पट होऊन. त्यात मी येऊन पडलो डब्लिनमध्ये, म्हणजे ओहायोतल्या. एप्रिल उजाडला की इथली झाडं हवेत इतका पिवळा भुगा सोडतात की सकाळी पांढरी गाडी दारात लावावी आणि संध्याकाळी हळद लागलेली घेऊन जावी. अशा दिवसांत मी सकाळी ड्राइव्हवेवर आलो की तीन शिंका देतो. दोन नाही, चार नाही, तीन. मधलं अंतरसुद्धा ठरलेलं. पहिलीला खारी पळतात, दुसरीला कुत्री भुंकतात आणि तिसरीला, माझी बायको म्हणते, कोलंबसच्या विमानतळावर उतरणारी विमानं एक चक्कर जास्त मारतात.

त्या वर्षी शेजारचं घर विकलं गेलं आणि तिथे एक आजोबा राहायला आले. ऐंशीला टेकलेले, ताडमाड, डोक्यावर टक्कल पण मागे पांढऱ्या केसांची शेपटी. रोज सकाळी गॅरेजचं दार वर करून आत खुर्चीवर गिटार घेऊन बसायचे. मी बाहेर यायचो, तीन शिंका द्यायचो, आणि त्यांचं गॅरेजचं दार धाडकन खाली यायचं. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी दार खाली आलं नाही. आजोबा हिरवळ तुडवत माझ्याकडे आले.

‘‘तुला कुणी सांगितलं?’’ त्यांनी विचारलं. अर्थात इंग्रजीत, पण त्यांचं इंग्रजी मी पुढे मराठीतच देतो, म्हणजे मला सोयीचे बदल करता येतील.

‘‘काय सांगितलं?’’

‘‘शिंकेचं.’’

मला वाटलं, झालं! आमची सोसायटी कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसला तरी पत्र पाठवते. आता शिंकेविरुद्धही नियम निघाला असणार. मी म्हटलं, ‘‘सर, औषध चालू आहे.’’

‘‘खोटं बोलू नकोस. मी गिटार हातात घेतली की तू बाहेर येतोस आणि बरोब्बर तीनदा शिंकतोस. तोच ठेका, तेच अंतर. साठ वर्षं लोक माझ्याशी हेच करत आलेत. हॉटेलात, बँकेत, माझ्या स्वतःच्या लग्नात!’’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि नाकानं आधी उत्तर दिलं. तीनदा. अगदी त्यांच्या शर्टावर. डोळ्यांतून पाणी, नाकातून गंगा. आजोबा मागे सरकले नाहीत. त्यांनी माझं तोंड नीट न्याहाळलं, जसा सराफ दागिना न्याहाळतो, आणि म्हणाले, ‘‘ही खरी आहे. हिच्यात बनाव नाही.’’ मग खिशातला रुमाल दिला आणि कॉफी प्यायला आत नेलं.

तिथे कळलेली हकीकत अशी. साठच्या दशकात याच ओहायोतल्या चार पोरांनी एक बँड काढला होता. खांद्यापर्यंत केस, कपाळाला आठ्या, आणि जगाला जागं करणारी गंभीर गाणी. आजोबा गायचे आणि गिटार वाजवायचे. एक दिवस रेकॉर्डिंगला गेले, तर स्टुडिओतल्या जुन्या ऑर्गनवर बोटभर धूळ. ड्रमवाला नेमका ओळीच्या शेवटी शिंकला. एकदा, दोनदा, तीनदा. काचेपलीकडच्या कंपनीच्या माणसानं हाताचा अंगठा वर केला. जगाला जागं करणं राहिलं बाजूला. अर्ध्या तासात नवीन गाणं तयार झालं. एक तरुण मुलीला मागणी घालायला जातो आणि ऐन शब्दाला शिंकतो. तीन कडवी, तीन मागण्या, नऊ शिंका. शेवटी ती मुलगी डॉक्टरशी लग्न करते.

गाणं रेडिओवर गेलं आणि अख्खा देश शिंकायला लागला. शाळेतली पोरं शिंकली, टीव्हीवरचे निवेदक शिंकले. बँड जिथे जाईल तिथे लोक ओरडायचे: शिंका! गंभीर गाण्याची पहिली ओळ झाली की मागून कुणीतरी शिंकायचं आणि हॉल हसून कोसळायचा. दोन वर्षांत बँड फुटला. ड्रमवाला फ्लोरिडात जाऊन दरवर्षी जत्रेत शिंकू लागला आणि सुखात मेला. आजोबांनी पुढे चाळीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला, आणि प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी शेवटच्या बाकावरून कोण शिंकतं याची वाट पाहिली.

‘‘आणि मजा म्हणजे,’’ ते म्हणाले, ‘‘मी शिंकलोच नव्हतो. एकदाही नाही.’’

मी हळहळलो. मनातल्या मनात मात्र मोबाइल काढून झाला होता. घरी येऊन मुलीला गाणं दाखवलं तर ती म्हणाली, ‘‘बाबा, ओ माय गॉड, दॅट्स द कॅट साँग!’’ हल्लीची पोरं म्हणे मांजरांच्या व्हिडिओमागे तेच गाणं लावतात. म्हणजे आजोबांच्या गंभीर कारकिर्दीचा वारसा आता मांजरांकडे होता.

हे सगळं माझ्या पोटात राहिलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण मी आमच्या मराठी मंडळाचा सांस्कृतिक सचिव होतो, आणि सांस्कृतिक सचिवाच्या पोटात काही राहत नाही. दिवाळीच्या कार्यक्रमाला पुण्याहून गायक येणार होते, ते व्हिसाच्या मुलाखतीतच अडकले. अध्यक्ष ताईंच्या तळघरात तातडीची बैठक भरली. ताई मूळच्या नागपूरच्या. त्यांचा राग आधी पोह्यांच्या पातेल्यावर निघतो, मग माणसांवर.

‘‘कॅन्सल झालं यार सगळं! आता काय दाखवू लोकांना? तुझं तोंड?’’ त्या मला म्हणाल्या.

तोंडाचा विषय निघाल्यावर माझं तोंड उघडणारच. मी म्हटलं, ‘‘ताई, माझ्या शेजारी एक रॉकस्टार राहतो.’’

‘‘तुझ्या शेजारी मागच्या वर्षी अंतराळवीर राहत होता.’’

मी मोबाइलवर गाणं लावलं. पहिल्या शिंकेला खजिनदारांनी चहा सांडला. दुसऱ्या कडव्याला सगळी कमिटी शिंकत होती. खजिनदार म्हणाले, ‘‘पण दिवाळीच्या कार्यक्रमात शिंक? अपशकुन नाही का?’’

‘‘बाप्पा! दीपप्रज्वलनानंतर ठेवू ना,’’ ताई म्हणाल्या. ‘‘कामाच्या आधी शिंक आली तर अपशकुन. काम सुरू झाल्यावर आली तर मनोरंजन.’’

एवढा मोठा धर्मनिर्णय पोह्यांच्या एका बशीत लागला. चाळीस पोरांचा नाच ठरला. जुन्या साड्या फाडून प्रत्येकाला पलंगपोसाएवढा रुमाल. गाणार खुद्द आजोबा, शिंकणार पोरं.

मी आजोबांकडे गेलो. सांगितलं, आमचा मोठा सण आहे, तीनशे माणसं येतात, तुम्ही गा. ते बराच वेळ डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं चोळत बसले.

‘‘शिंकेचं नाही गाणार.’’

‘‘छे छे!’’

‘‘त्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला माझं एक गाणं होतं. मी लिहिलेलं. कंपनीनं कापून अडीच मिनिटांचं केलं, तरी कुणी ऐकलं नाही. रेकॉर्ड उलटी करतो कोण? आमच्या कार्यक्रमांत ते मी कधी पूर्ण करू शकलो नाही. कुणीतरी शिंकायचंच.’’ त्यांनी हात माझ्यापुढे धरला. दोन बोटं अर्धवट वाकलेली होती. ‘‘डॉक्टर म्हणते, या हिवाळ्यानंतर ही दोन तारांवर बसतील असं धरून चालू नका. मला ते एकदा लोकांसमोर म्हणायचंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत. बस, एकदा.’’

‘‘तेच म्हणा,’’ मी म्हटलं. आणि तळघरात जाऊन ताईंना सांगितलं, ‘‘शिंकायला तयार झाले.’’

आता तुम्ही मला लबाड म्हणाल. पण मी वीस वर्षं आयटीत आहे. क्लायंटला सांगायचं फीचर येतंय, टीमला सांगायचं फीचर गेलं, आणि दोघं एकमेकांना भेटेपर्यंत प्रश्न आपोआप मरतो. मरतोच. माझी तीन प्रमोशनं या तत्त्वावर झाली आहेत. फक्त एक गोष्ट मी विसरलो: ऑफिसात दोघं वेगवेगळ्या खंडांत असतात. इथे दोघं एकाच शाळेच्या हॉलमध्ये येणार होते.

कार्यक्रमाच्या दुपारी मी आजोबांना गाडीतून घेऊन गेलो. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि शेपटी नीट विंचरली होती. वाटेत दोनदा विचारलं, ‘‘तुमची माणसं गाणं ऐकतात का?’’ मी म्हटलं, ‘‘आमची माणसं आभारप्रदर्शन ऐकतात. गाणं म्हणजे काय!’’

शाळेच्या मागच्या दारानं आत शिरलो, आणि कॉरिडॉरमध्ये चाळीस पोरं पलंगपोस उडवत, कमरेत वाकून, एका ठेक्यात शिंकत होती. तीनदा. बरोब्बर त्याच अंतरानं.

मी वाट पाहिली की आजोबा ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला कसं गुंडाळायचं हे मला येतं. ते नुसते बघत उभे राहिले. मग म्हणाले, ‘‘मला घरी सोड.’’ एवढंच. आणि पोरांची लॉकर्स असतात तिथल्या बुटक्या बाकावर गुडघे छातीला लावून बसले, गिटारची पेटी मांडीवर घेऊन.

त्यांना गाडीपर्यंत नेणं सोपं होतं. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती: तब्येत बिघडली, पूर आला, अस्वल आलं. पण पेटीवर ठेवलेला तो वाकडा हात दिसला आणि माझ्याकडे एकही थाप शिल्लक राहिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलं, हार्ट अटॅक असाच सुरू होत असेल.

‘‘पाच मिनिटं थांबा,’’ म्हणून मी विंगेत गेलो आणि ताईंना सगळं खरं सांगितलं. ताईंच्या हातात आरतीचं तबक होतं, म्हणून मी वाचलो.

‘‘चाळीस पोरं! चाळीस आया! त्या मला जिवंत सोडतील का?’’

‘‘आयांना मी सांगतो.’’

‘‘तू? तू आजपर्यंत कुणाला एक गोष्ट खरी सांगितली आहेस?’’

‘‘आत्ता ही पहिलीच.’’

ताईंनी दारातून कॉरिडॉरमध्ये डोकावलं. आजोबा पाचवीच्या पोरासारखे बाकावर बसले होते. ताई तबक तसंच धरून थोडा वेळ बघत राहिल्या. ‘‘पाच मिनिटं देते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आधी त्यांचं गाणं. त्यांना तू घरी घेऊन गेलास की मग पोरांचा नाच, टेप लावून.’’

मी परत येऊन आजोबांना हे जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘गाणं अकरा मिनिटांचं आहे. तिला अकरा सांगितलंस?’’

‘‘नाही, पण ते आपण...’’

‘‘जा. सांगून ये.’’

गेलो. सांगितलं. ताईंनी काय उत्तर दिलं ते दिवाळीच्या कार्यक्रमाला शोभणारं नव्हतं, पण त्यात नकार नव्हता.

आमच्याकडे कलाकाराला आधी शाल-श्रीफळ देतात, मग गाऊ देतात. म्हणजे गाणं पडलं तरी सत्कार वाया जात नाही. आजोबांना शाल पांघरली. नारळाचं काय करायचं ते त्यांना कळेना. त्यांनी तो अ‍ॅम्प्लिफायरवर ठेवला, तो गडगडत पहिल्या रांगेत गेला आणि एका काकूंनी तो सवयीनं पर्समध्ये टाकला. मग ते खुर्चीवर बसले, शालीतून हात बाहेर काढला आणि सुरू झाले.

गाणं महान होतं का? खोटं कशाला बोलू. चाल म्हणजे दोन सूर इकडे, दोन सूर तिकडे. त्यांच्या लहानपणीच्या गावात एक गल्ली होती, ती धरणाच्या पाण्यात गेली. गल्लीत नऊ घरं. प्रत्येक कडव्यात एक घर आणि त्यात कोण राहायचं ते. एवढंच. पहिल्या घरात घड्याळं दुरुस्त करणारा, दुसऱ्यात दोन बहिणी, एकमेकींशी न बोलणाऱ्या. तिसऱ्या घरापर्यंत मी हॉलकडे बघत होतो, कोण आधी मोबाइल काढतंय ते. पाचव्या घराला त्यांची बोटं अडकली. ते थांबले. हात झटकला, बोटं चोळली.

साठ वर्षांपूर्वी नेमकं अशाच जागी कुणीतरी शिंकलं असणार. पण आमची माणसं बैठकीत वाढलेली. गायक मधेच थांबून तंबोरा जुळवतो, पाणी पितो, खोकतो, हे सगळं तिकिटातच धरलेलं असतं. लोक मांडी बदलून निवांत बसले. मागून कुणीतरी मराठीत म्हणालं, ‘‘सावकाश होऊ दे.’’ आजोबांना शब्द कळले नाहीत; त्यांनी मान हलवली आणि पाचवं घर पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

नववं घर झालं. टाळ्या झाल्या. मी सुटकेचा निःश्वास अर्धा सोडला होता, तेवढ्यात पहिल्या रांगेतून गर्जना आली: ‘‘वन्स मोअर!’’

हे आमचे डॉक्टर काका. इथे सगळ्यात आधी आलेल्यांपैकी एक, निवृत्त भूलतज्ज्ञ. आयुष्यभर लोकांना झोपवल्यामुळे आता कार्यक्रमात स्वतः झोपतात. पण नाट्यसंगीतावर पोसलेला पिंड. गाणं संपल्याची टाळी ऐकली की झोपेतून उठून वन्स मोअर देतात. पाच वर्षांच्या पोरीनं श्लोक म्हटला तरी देतात. एकदा तर अग्निशामक दलाच्या सूचनांना दिला होता. आमच्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे: कलाकारानं हात जोडायचे, लाजायचं आणि निघायचं.

आजोबांना हे कुणी सांगितलं असणार? ते उठता उठता थांबले. माइकमध्ये म्हणाले, ‘‘पुन्हा? खरंच?’’

काका म्हणाले, ‘‘ऑफ कोर्स!’’

आणि आजोबा खाली बसले आणि पहिल्या घरापासून सुरू झाले.

विंगेत ताईंनी माझा दंड धरला. त्यावरची बोटं मला आठवडाभर दिसत होती. हॉल साडेपाचला रिकामा करायचा होता. कॅफेटेरियाच्या दारात स्वयंसेवक उभा राहून दोन्ही हातांनी खुणा करत होता: मसालेभात तयार, पुऱ्या तयार, या! वास थेट रंगमंचापर्यंत येत होता. आता, मी आमच्या समाजाला ओळखतो. जेवण तयार आहे म्हटल्यावर आमची माणसं राष्ट्रगीतातसुद्धा हळूहळू दाराकडे सरकतात. पण कुणी उठलं नाही. मी वाट पाहत राहिलो. चौथं घर गेलं, पाचवं गेलं. पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे, सगळे तिथेच. माझ्या बायकोचे ओठ हलत होते. ती गाण्याचे शब्द म्हणत नव्हती. बोटं मोजत होती. नंतर विचारलं तर म्हणाली, आमच्या गल्लीत अकरा घरं होती, दोन आठवेनात.

नाच अर्थातच रद्द झाला. चाळीस आयांना मी स्वतः सांगितलं, एकेकीला. त्यातल्या दोघी अजून बोलत नाहीत. चाळीस पोरांनी जेवणाच्या रांगेत सूड उगवला आणि मसालेभातावर इतक्या खोट्या शिंका पडल्या की अर्ध्या लोकांनी नुसती पुरी-भाजी खाल्ली. पुऱ्या बूट शिवण्याच्या लायकीच्या झाल्या होत्या. माझं सचिवपद त्या संध्याकाळी ग्रुपवर एका ओळीत गेलं, खाली सत्तर अंगठे.

पण ते नंतर. आजोबांना मी पोरं कॅफेटेरियात यायच्या आधीच गाडीत बसवलं होतं. शाल अंगावर, मांडीवर फॉइलमध्ये गार पुऱ्या. गाडी रस्त्याला लागल्यावर त्यांनी फॉइल उघडून पाहिलं. मग म्हणाले, ‘‘तो पुढचा म्हातारा. तो सगळ्यांनाच तसं ओरडतो, हो ना?’’

आयुष्यभर हॉलसमोर, नाहीतर वर्गासमोर उभा राहिलेला माणूस, त्याला कळणारच. माझ्या जिभेवर एक सुरेख थाप तयार होती: काका कडक टीकाकार आहेत, वीस वर्षांत त्यांनी तोंड उघडलेलं नाही. मी ती गिळली.

‘‘सगळ्यांनाच,’’ मी म्हटलं. ‘‘ते झोपले होते.’’

आजोबांनी मान डोलावली. ‘‘वाटलंच. बाकीचे?’’

‘‘बाकीचे जागे होते. जेवणाचं दार उघडं होतं. कुणी उठलं नाही.’’

‘‘ते दिसलं मला.’’ त्यांनी बोटं शालीत गुंडाळून घेतली. ‘‘सातव्या घराची शेवटची ओळ मी विसरलो.’’

‘‘कधी? पहिल्यांदा की दुसऱ्यांदा?’’

‘‘दोन्ही वेळा. नुसतं गुणगुणलो तिथे. कुणाच्या लक्षात नाही आलं.’’

सिग्नल लाल झाला. मी गाडी थांबवली आणि म्हटलं, ‘‘आता आठवते का?’’

त्यांनी गिटारशिवायच म्हटली, बसक्या आवाजात. सातव्या घरात एक बाई होती, ती रोज जेवायला एक ताट जास्त मांडायची आणि कुणासाठी ते कुणी विचारायचं नाही. सिग्नल हिरवा झाला. ओहायोत मागून हॉर्न वाजवणं म्हणजे आईवरून शिवी. ती मी दोनदा खाल्ली आणि म्हटलं, ‘‘आठवं घर?’’